घरात दोन-तीन कुत्री असतील, तर त्यांना एकत्र काम करायला कसं शिकवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात शेतावर घर असलं की एका कुत्र्यावर भागत नाही. एक गावठी आधीपासून असतं, दुसरं कुणीतरी मुधोळकडून आणून दिलेलं कारवानी (मुधोळ हाउंड) असतं, आणि शहरात नोकरी करणाऱ्या मुलाला फ्लॅटमध्ये ठेवता आलं नाही म्हणून तिसरं लॅब्रॅडॉर शेतावर येऊन पडतं. मग फोन सुरू होतात: "एकेकटं असलं की ऐकतंय हो, पण तिघं एकत्र आली की कुणी कुणाचं नाही."

हा फोन मला इतक्यांदा आलाय की सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. चूक बहुतेक ठिकाणी एकच सापडते. लोक तिन्ही कुत्री एका रांगेत उभी करतात आणि तिघांना एकदम शिकवायला लागतात. असं करून कळप शिकत नाही. शिकतं ते एकेकटं कुत्रं. आधी प्रत्येकाचं पक्कं करायचं, मग दोघांची जोडी जमवायची आणि तिसरं शेवटी घालायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळलात, तर पुढे जाऊन पुन्हा तिथेच परत यावं लागतं.

एकत्र काम म्हणजे इथे सर्कशीतले खेळ अभिप्रेत नाहीत. फाटकाशी कुणी आलं की चार वेळा भुंकून आपापल्या जागी जाणं, ताट समोर असताना आपली पाळी येईपर्यंत थांबणं, शिट्टी वाजली की तिघांनी परत येणं, आणि शेळ्या-कोंबड्यांच्या मधून शांतपणे चालणं, एवढं साधलं तरी शेतावरचं घर सुखाचं होतं.

## टप्पा १ : सुरुवातीआधीची तयारी

तब्येत आधी. दुखणं अंगावर असलेलं कुत्रं शेजारी दुसरं आलं की गुरगुरतं, आणि आपण त्याला भांडकुदळ ठरवतो. तिघांनाही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन कान, दात, सांधे आणि गोचीड तपासून घ्या. रेबीजची लस पिल्लू साधारण 3 महिन्यांचं झाल्यावर, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. आपल्याकडे चिखल आणि उंदीर दोन्ही भरपूर आहेत, त्यामुळे लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाच्या) लसीबद्दल पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

नसबंदी न केलेली मादी घरात असेल, तर ती माजावर असताना, म्हणजे सुमारे 3 आठवडे, एकत्र शिकवणं पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत दोन नरांना शेजारी बसवलंत, तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

सामान. प्रत्येकाला वेगळा पट्टा, 5 ते 6 फुटांचा दोर आणि वेगळं ताट हवं. शिवाय 30 फुटांचा एक सुती दोर घ्या. नायलॉनचा नको, कुत्रं झेपावलं की तळहात सोलून निघतो. प्रत्येकासाठी एक जुनं पोतं लागेल आणि खेळाच्या दुकानात मिळते तशी एक शिट्टी.

कारवानी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, म्हणून साधा गळपट्टा मागे ओढला की डोक्यावरून सरळ निसटतो. त्याला छातीपट्टा घ्या. गळपट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून सैल नको.

खाऊ. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे सगळ्यात चालतात. उकडलेलं अंडं किंवा पनीरही बरं. भाकरीचा तुकडा घरात चालतो, पण बाहेर शेळ्या दिसत असताना भाकरीसाठी कुठलं कुत्रं मागे वळणार? तिथे चिकनच हवं. कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि शिजवलेली हाडं अजिबात नकोत. पाहुण्यांनी आणलेला कुंदाही (दुधाची मिठाई) नको, घरातली लहान मुलं कितीही लाडाने भरवत असली तरी.

तपासणी : तिघांची ताटं तीन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांची तोंडं दिसणार नाहीत अशी मांडली आहेत का? शिकवणीचे सगळे महिने जेवण असंच वेगळं राहू द्या. ताटावरून रोज संध्याकाळी ताण होत असेल, तर सकाळची शिकवणी उपयोगाला येत नाही.

## टप्पा २ : शब्द ठरवा, आणि ते सगळ्यांनी पाळा

आपल्या भागात ही अडचण इतरांपेक्षा जास्त आहे. घरात मराठी, शेतावरचा गडी कानडी बोलणारा, मुलं टीव्हीवरचं हिंदी बोलणारी, आणि कुत्र्याने सगळ्यांचं ऐकायचं.

कुत्र्याला अर्थ कळत नाही, आवाज कळतो. तो कानाने ऐकून बघा. आपण 'बस' म्हणतो खाली बसण्यासाठी. कानडीत 'बा' म्हणजे ये. दोन्हींची सुरुवात एकच, आणि कुत्रं सुरुवात ऐकूनच हलतं. त्यातच 'बस, पुरे' आणि 'बस आली काय?' हेही दिवसभर कानावर पडतं. इकडच्या कानडीत बसायला 'कुंद्रु' आणि उभं राहायला 'निंद्रु'. दोन्हींची शेपटी एकच. आमच्या गड्याने राणी या आमच्या कुत्रीला 'कुंद्रु' म्हटलं की ती कधी बसायची, कधी उठायची. तो बिचारा समजायचा की तिला कानडी येत नाही. तिला दोन्ही शब्द एकच ऐकू येत होते.

म्हणून शब्द असे निवडा की ते दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी सहज बसतील, पण दिवसभराच्या बोलण्यात फारसे येणार नाहीत. आमच्याकडे ठरलेले शब्द असे :

- बैठ : खाली बसणं
- थांब : आहेस तिथेच राहा
- पोतं : आपापल्या पोत्यावर जा
- टाक : तोंडातलं सोड, किंवा त्या वस्तूकडे जाऊ नको
- सुट्टी : काम संपलं, आता मोकळं

'चला' हा शब्द सुटण्यासाठी वापरू नका. 'चला, जेवायला' म्हटलं की पोत्यावरची तिन्ही कुत्री उठतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

नावं. दोन नावांची सुरुवात सारखी नको. आमच्याकडे राणी होती. नंतर आलेल्या गावठी पिल्लाचं नाव मुलांनी राजा ठेवलं. 'रा' उच्चारला की दोघं वळायची. आठवड्यातच ते बदलून काळू केलं. पिल्लू लहान असताना नाव बदलायला काही लागत नाही: नवं नाव, लगेच खाऊ, दिवसाला वीस-तीस वेळा.

तिघांना मिळून हाक मारायला एक वेगळं नाव लागतं. आम्ही 'मंडळी' म्हणतो. 'मंडळी' म्हटलं तर काम सगळ्यांचं, 'काळू' म्हटलं तर फक्त काळूचं. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

खबरदारी : 'छू' हा शब्द घरातून कायमचा काढून टाका. गंमत म्हणून मुलं छू म्हणतात, आणि तीन कुत्री एकदम सुटली की ती कुणावर जातील ते आपल्या हातात राहत नाही.

## टप्पा ३ : प्रत्येकाला एकेकटं शिकवा

बाकीच्या दोघांना घरात किंवा गोठ्यामागे ठेवा, दिसणार नाहीत असं. एका वेळी 5 मिनिटं, दिवसातून दोन किंवा तीन वेळा. जास्त नको. कुत्रं दमतं त्याआधी त्याचं लक्ष उडतं, आणि तेव्हाच आपला आवाज चढायला लागतो.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं सोडल्या सोडल्या शिकत नाही. आधी त्याला दहा मिनिटं बांधावरून फिरवा, वास घेऊ द्या, मग सुरू करा.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा नाव: हाक मारली की तोंडाकडे बघायला हवं. मग 'बैठ'. मग 'पोतं', ज्यात सुरुवातीला पोत्यावर एक पाय पडला तरी खाऊ द्यायचा, नंतर चारही पाय, नंतर बसणं. मग 'थांब'. 'टाक' सगळ्यात शेवटी.

काम बरोबर झालं त्याच क्षणी जिभेने 'टॉक्' असा आवाज करा आणि मग खाऊ द्या. हा आवाज एका सेकंदाच्या आत यायला हवा. कुत्रं बसलं, तुम्ही खिसा चाचपलात, तोवर ते उठलं आणि तेव्हा तुम्ही तुकडा दिलात, तर तुम्ही त्याला उठायला शिकवलंत. मी ज्या घरांत जाऊन बघतो, तिथे निम्म्या अडचणी या उशिराच्या असतात. तुकडे आधीच हातात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा.

'थांब' शिकवताना तीन गोष्टी वाढवायच्या असतात: वेळ, अंतर आणि गडबड. तिन्ही एकदम वाढवू नका. आधी तुम्ही जवळ उभे राहून 2 सेकंद, 5, 10, 30 असं जा. मग वेळ परत कमी करून दोन पावलं मागे सरका. अंतर जमलं की मगच पाठीमागून कुणाला तरी चालवा किंवा बादली आपटायला सांगा.

अंगणात शिकलेलं कुत्रं गोठ्यात विसरल्यासारखं वागतं. ते हट्ट करत नसतं. त्याच्यासाठी ती जागा नवी असते. म्हणून अंगण, सोपा (ओसरी), गोठा, बांध, रस्त्याच्या कडेचा भाग अशा चार-पाच ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून करा. दुसऱ्या ठिकाणी वेळ निम्मा लागतो, तिसऱ्या ठिकाणी त्याहून कमी.

जूनपासून खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे बाहेर पाय ठेवायची सोय नसते. ते चार महिने हा टप्पा आणि पुढचा टप्पा सोप्यातच करा. पावसाळा या कामाला खरं तर बरा, कारण बाहेर जनावरं नसतात आणि घरातली माणसंही हाताशी असतात.

तपासणी : दहा वेळा सांगितल्यावर आठ वेळा, पहिल्याच हाकेला आणि तीन वेगळ्या ठिकाणी झालं, तर तो शब्द पक्का. सहा-सातवर असेल, तर अजून आठवडा थांबा. गड्याने आणि घरातल्या बायकांनी सांगितल्यावरही होतं का ते बघा. फक्त तुमचंच ऐकत असेल, तर ते शब्द शिकलेलं नाही, तुमच्या हातवाऱ्यांकडे बघून करतंय.

## टप्पा ४ : दुसऱ्याची पाळी चालू असताना थांबणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सहसा हाच टप्पा कुणी करत नाही, आणि 'तिघं एकत्र आली की कुणी कुणाचं नाही' ही तक्रार इथूनच येते.

दोन पोती सहा ते आठ फूट अंतरावर टाका. एका कुत्र्याचा दोर भिंतीच्या कडीला किंवा खांबाला बांधा. दोर ढिला असावा, पण दुसऱ्या पोत्यापर्यंत पोचू नये. बांधलेलं कुत्रं थांबणार, मोकळं काम करणार.

आता मोकळ्याला सांगा: "काळू..." क्षणभर थांबा, त्याने बघितलं की "...बैठ." बसला की 'टॉक्', एक तुकडा. लगेच वळून थांबलेल्या राणीला दोन तुकडे. होय, थांबणाऱ्याला जास्त द्यायचं. तिचं काम अवघड आहे. तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याला चिकन मिळतंय आणि तिने हलायचं नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस थांबणाऱ्याला दुप्पट, मग सारखं, मग दर दोन-तीन कामांनंतर एकदा.

नाव आणि काम यांच्यामधली ती क्षणभराची जागा फार महत्त्वाची. "काळूबैठ" असं एका दमात म्हटलंत की राणीही बसते, कारण तिला 'बैठ' एवढंच ऐकू येतं. नाव आधी आलं आणि मध्ये श्वासाएवढी जागा राहिली, की राणीला समजतं की पुढचा शब्द तिच्यासाठी नाही. आमच्या राणीच्या बाबतीत हे मला नेमकं कोणत्या दिवशी उमगलं ते आठवतं. "काळू" म्हटलं की तोवर ती उठायची. त्या सकाळी 'काळू' ऐकल्यावर तिचा एक कान इकडे वळला, परत जागेवर गेला, आणि तिने हनुवटी पंजांवर टेकवली. ती हनुवटी टेकवली तेव्हाच मी तिला चार तुकडे दिले.

खाऊ देतानाही नाव घ्या: "राणी", आणि तुकडा. जिभेचा 'टॉक्' दोघांनाही ऐकू येतो, तेव्हा तो कुणासाठी होता हे नाव सांगतं.

थांबणारं कुत्रं उठलं तर ओरडू नका आणि दोर हिसडू नका. गप्प राहून त्याला परत पोत्यावर आणा आणि दोन पोत्यांमधलं अंतर चार फुटांनी वाढवा. उठणं म्हणजे तुम्ही फार लवकर जवळ आणलंत, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्याचं तोंड बघायला शिका. वारंवार जांभई, ओठ चाटणं, मान दुसरीकडे फिरवणं, खाज नसताना अंग खाजवणं: ही अस्वस्थतेची खूण आहे. शरीर ताठ होऊन नजर दुसऱ्यावर रोखली गेली, तर त्या क्षणी शिकवणी थांबवा आणि दोघांना वेगळं करा. गुरगुरल्याबद्दल मारू नका. मारलं की गुरगुरणं बंद होतं, पण राग तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी ते न सांगता चावतं.

तपासणी : दोघांच्या भूमिका बदलून करा. दोघंही दोर न बांधता, सहा फुटांवर, पाच मिनिटं आलटून पालटून काम करत असतील, तर पुढे जा. बहुतेकांना इथवर यायला तीन ते सहा आठवडे लागतात.

## टप्पा ५ : जोड्या जमवा, तिसरं शेवटी घाला

तीन कुत्र्यांत जोड्या तीन होतात, चार कुत्र्यांत सहा. प्रत्येक जोडी वेगळी करून घ्यायला लागते. राणी-काळू छान असतात, काळू आणि तिसरं कुत्रं मोती छान असतात, आणि राणी-मोती एकत्र आली की पंचाईत, असं होतं. जी जोडी अवघड आहे, तिला जास्त दिवस द्या.

पहिली जोडी शांत, वयाने मोठं कुत्रं आणि शिकाऊ कुत्रं अशी घ्या. दोन्ही उतावळी एकत्र नकोत.

सगळ्या जोड्या जमल्या की तीन पोती त्रिकोणात टाका, एका ओळीत नको. ओळीत मधल्याची दोन्हीकडून घुसमट होते. आता पहिल्यांदा "मंडळी..., थांब" म्हणा, तिघांनाही एकेक तुकडा द्या आणि "सुट्टी". पहिले आठ दिवस एवढंच. मग एकाला नावाने बोलावून काम, बाकी दोघं थांबलेली.

'म्होरक्याला आधी खायला द्यायचं' असं गावात सांगतात. मी ते मानत नाही. तुकडा त्या क्षणी शांत बसलेल्याला जातो, ते मोठं असो की लहान. असं केलं की शांत बसणं हाच पहिला नंबर मिळवण्याचा मार्ग ठरतो, आणि तिघांनाही तो मोकळा असतो.

एकाच वेतातली दोन पिल्लं एकदम आणली असतील, तर त्यांना रोज काही तास वेगळं ठेवा: वेगळी झोप, वेगळं फिरणं, वेगळी शिकवणी. नाही तर ती एकमेकांकडेच बघत राहतात, माणसाकडे वळतच नाहीत, आणि मोठी झाल्यावर वेगळं केलं की रडून गाव डोक्यावर घेतात.

## टप्पा ६ : एकत्र फिरायला नेणं

एका माणसाने तीन दोर पहिल्याच दिवशी हातात घेऊ नयेत. दोन माणसं, दोन कुत्री, मध्ये दहा फूट अंतर, दोघं एकाच दिशेला. मग अंतर हळूहळू कमी. प्रत्येक कुत्रं एकटं असताना दोर न ताणता चालत असेल, तरच एका हातात दोन दोर घ्या.

दोर मनगटाला गुंडाळू नका. तिघांनी एकदम मांजर पाहिली, तर खांदा उतरतो. दोराचं टोक तळहातात धरा, सोडून देता येईल असं.

उसाच्या हंगामात संध्याकाळी रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. तेव्हा रस्ता टाळा, पहाटे जा. नाक्यावर गावातली मोकाट कुत्री असतात. आपली तीन आणि त्यांची पाच समोरासमोर आली, तर आपल्याला काही करता येत नाही. लांबून दिसलं की वळा. वळायची सवय लागावी म्हणून काही नसतानाही 'मंडळी' म्हणून मध्येच उलट फिरा, आणि फिरल्याबद्दल खाऊ द्या.

## टप्पा ७ : शिट्टीवर परत येणं

शिट्टीचा फायदा असा की ती कुणीही वाजवली तरी आवाज तोच राहतो. मराठी नाही, कानडी नाही, चिडलेली नाही, घाबरलेली नाही.

1. दोन आठवडे फक्त जेवणाच्या वेळी वापरा: दोन छोट्या शिट्ट्या, लगेच ताट. तिघांना तीन ठिकाणी, एकेकटं.
2. मग एकेकाला 30 फुटांच्या दोरावर शेतात न्या. ते वास घेत असताना शिट्टी. आलं की पाच-सहा तुकडे एकामागून एक.
3. मग जोडी. मग तिघं. प्रत्येक वेळी दोर बांधलेलेच.

तिघं एकदम धावत येतात तेव्हा तुमच्या पायाशी धडकतात, आणि भांडण बहुधा तिथेच होतं. म्हणून तुकडे हातातून देऊ नका. प्रत्येकाचं नाव घेऊन तीन वेगळ्या दिशांना चार-चार तुकडे टाका. प्रत्येकजण आपल्या बाजूला वळतो.

खबरदारी : शिट्टी वाजवून आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नका आणि लगेच साखळीला बांधू नका. दहापैकी नऊ वेळा खाऊ देऊन "सुट्टी" म्हणा आणि परत सोडा. येणं म्हणजे खेळ संपला असं वाटलं की त्यांचं येणं बंद होतं.

## टप्पा ८ : शेतावरचं खरं काम

फाटक. कुणी आलं की भुंकू द्या, त्यासाठीच ठेवलंय. तीन-चार भुंकी झाली की "मंडळी..., पोतं." पोती फाटकापासून पंधरा-वीस फुटांवर, कायम त्याच जागी असावीत. सराव पाहुण्यावर करू नका. घरातल्याच कुणाला तरी बाहेर पाठवून कडी वाजवायला सांगा. आधी एक कुत्रं, मग दोन, मग तिन्ही. तिघं पोत्यावर गेली की मगच फाटक उघडतं, हे त्यांना दिसलं पाहिजे. दुधाच्या माणसाला आणि गॅसवाल्याला सांगून ठेवा की तोवर कडी काढू नका. ते खुशीने थांबतात.

शेळ्या आणि कोंबड्या. कारवानी डोळ्यांनी शिकार करतं. हललेली गोष्ट दिसली की पाय आधी निघतात. त्याला शेळ्यांमध्ये आणून 'टाक' ओरडून उपयोग नाही. पन्नास-साठ फुटांवर दोराने धरून उभे राहा. शेळीकडे बघितलं आणि मग तुमच्याकडे वळलं की चिकन. दर दोन-तीन दिवसांनी पाच फूट जवळ. एकेकाचं झाल्यावर जोडी.

तिघं एकत्र धावली, तर सुरुवात कोण करतं ते नीट बघा. बहुतेक वेळा एकच असतं, बाकी दोघं त्याच्या मागे जातात. फक्त त्या एकाला परत टप्पा ३ वर न्या. तिघांना पुन्हा शिकवत बसू नका. आणि कितीही शहाणी झाली, तरी तिघांना कोंबड्यांपाशी एकटं सोडून बाजाराला जाऊ नका. एकटं असताना न धावणारं कुत्रं जोडीला दुसरं असलं की धावतं.

रानातली जनावरं. डुकरं हाकायला कुत्री सोडायची सवय खानापूर भागात आहे. ती सोडा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात रानटी जनावराचा पाठलाग करणं, हाकणं हेही शिकारीतच धरलं आहे. शिवाय रानडुक्कर एका धडकेत कुत्र्याचं पोट फाडतं. भीमगड अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे आणि बिबट्या कुत्र्याच्या वासाने घराशी येतो. रात्री तिघांनाही जाळीच्या आत किंवा बंद खोलीत घ्या. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

## भांडण झालंच तर

हात मध्ये घालू नका आणि गळपट्टा धरू नका. त्या क्षणी कुत्र्याला मालक ओळखू येत नाही. बादलीभर पाणी अंगावर टाका, किंवा दोघांच्या मध्ये पत्रा, पाट, खुर्ची घाला. दोन माणसं असतील, तर प्रत्येकाने एकेकाचे मागचे दोन पाय वर उचलून मागे मागे ओढायचं आणि लगेच दारामागे बंद करायचं. काठीने मारल्यावर पकड सुटत नाही, अजून घट्ट होते.

माणसाला दात लागला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या, कुत्रं आपलं असलं तरी. हळद किंवा चुना लावून बसू नका.

भांडणानंतर दोन-तीन दिवस त्या दोघांना पूर्ण वेगळं ठेवा आणि टप्पा ४ पासून, दोर बांधून, लांबच्या पोत्यांवर पुन्हा सुरू करा. महिन्यात दुसऱ्यांदा रक्त निघालं, तर घरच्या घरी प्रयत्न थांबवा. डॉक्टरांना दाखवा, आणि गरज पडली तर त्या दोघांना कायम वेगळं ठेवायची तयारी ठेवा. प्रत्येक जोडी जमतेच असं नाही, आणि न जमणाऱ्या दोघांना वेगळ्या वेळी अंगणात सोडूनही घर नीट चालतं.

## काही दिवस काहीच शिकवायचं नाही

गणपती विसर्जनाचा दिवस, दिवाळीचे फटाक्यांचे दिवस, घरात लग्न किंवा यात्रेची गर्दी: या दिवसांत नवीन काही घेऊ नका. तिघांना आतल्या खोलीत, पोत्यांवर, खिडक्या लावून ठेवा. एक घाबरलं की तिन्ही घाबरतात. सण संपल्यावर दोन दिवस मागच्या टप्प्याचा सराव करून मग पुढे जा.

चौथं कुत्रं आणलंत, तर ते कितीही हुशार दिसलं तरी थेट त्रिकोणात बसवू नका. त्याला टप्पा ३ पासून सुरू करा, वेगळ्या खोलीत, आणि जुन्या तिघांपैकी सगळ्यात शांत असलेल्याशी पहिली जोडी जमवा.